टँकमध्ये पाणी भरण्याआधी काय वाचायचं? रीफ अ‍ॅक्वेरियमची पुस्तकं

(हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ थोडे छाटलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

माशांवर एपिसोड केला की इनबॉक्समध्ये एक प्रश्न हमखास येतो. “ताई, समुद्री टँक करायचाय, कोरलवाला. कुठलं चॅनल बघू?” आज त्याचं उत्तर देतेय, पण चॅनलचं नाव नाही सांगणार. पुस्तकांची नावं सांगणार आहे. थांबा, लगेच पुढे ढकलू नका.

व्हिडिओ वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. पंप उघडून साफ कसा करायचा हे पुस्तकातल्या आकृतीवरून डोक्यात शिरत नाही, व्हिडिओत दोन मिनिटांत कळतं. पण व्हिडिओतला टँक नेहमी त्याच्या चांगल्या दिवसांतला असतो. निळा लाइट, डोलणारी कोरल्स, मागे गाणं. तोच टँक वर्षभराने कसा दिसतो, त्यातला कुठला मासा मेला आणि का मेला, हे दाखवायला फारसं कुणी कॅमेरा काढत नाही. आणि रीफ टँक हे लांबच्या मुदतीचं काम आहे. क्लाउनफिश, आपला निमो हो, नीट सांभाळला तर टँकमध्ये 20 वर्षांहून जास्त जगल्याच्या नोंदी आहेत. आज तुम्ही अकरावीत असाल तर तुमचं कॉलेज, नोकरी, कदाचित लग्न आणि दोन-तीन घरं बदलणं, एवढं सगळं तो मासा बघणार. अशा जिवाला घरी आणायच्या आधी तीनशे पानं वाचणं काही जास्त नाही.

आता ही पुस्तकं बहुतेक सगळी इंग्रजीत आहेत, आणि बरीचशी 1980 ते 2010 या काळातली. मग प्रश्न येतो की इतकं जुनं कशाला वाचायचं? त्यातले लाइट आता मिळत नाहीत, फिल्टर बदलले. खरंय. यंत्रांची प्रकरणं जुनी झालीच आहेत, ती चाळून सोडून द्या. पण मासा काय खातो, कोरल कशावर जगतं, पाण्यातला अमोनिया कुठे जातो, यातलं काही बदललेलं नाही. ही पुस्तकं वाचायची ती या भागासाठी. हे डोक्यात ठेवलंत की कुठलं पान वाचायचं आणि कुठलं उलटायचं ते आपोआप कळतं.

सुरुवात मार्टिन मो यांच्या ‘द मरीन अ‍ॅक्वेरियम हँडबुक’पासून करा. पहिली आवृत्ती 1982 ची, तिसरी 2009 ची. मिळाली तर तिसरीच घ्या. हा माणूस फ्लोरिडाचा, शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ. 1970 च्या दशकात क्लाउनफिशची पिल्लं व्यापारी पातळीवर वाढवून दाखवणाऱ्या अगदी पहिल्या लोकांपैकी. पुस्तकाच्या नावातच पुढे ‘बिगिनर टू ब्रीडर’ असं आहे. ज्याने माशाची पिल्लं वाढवलीत त्याला पाणी कळतंच. पिल्लू पाण्यातली चूक माफ करत नाही.

मो यांच्या पुस्तकातला पाण्याचा भाग दोनदा वाचा. थोडक्यात सांगते. मासा खातो आणि अमोनिया बाहेर टाकतो. अमोनिया विषारी. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच कमी त्रासाचं. नव्या कोऱ्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे नसतात. ते दगडावर, वाळूवर, फिल्टरमध्ये वस्ती करतात आणि त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. याला टँक ‘सायकल’ होणं म्हणतात. दह्याला विरजण लावल्यावर आपण पातेलं हलवत नाही ना, तसंच हे. आज टँक भरला, उद्या मासे टाकले, परवा मासे गेले, अशा जेवढ्या गोष्टी ऐकता त्यातल्या बऱ्याच या एका प्रकरणात मिटतात.

आणि मिठाचं गणित. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे 100 लिटरच्या टँकला अंदाजे साडेतीन किलो सॉल्ट मिक्स लागणार. नंतर दर वेळी 20 लिटर पाणी बदललंत तर प्रत्येक वेळी 700 ग्रॅम. महिन्याचा हिशोब आत्ताच करा, टँक आल्यावर नको. घरातलं मीठ चालेल का, हा प्रश्न मला किमान दहा जणांनी विचारलाय. नाही चालत. समुद्राच्या क्षारांत वजनाने सुमारे 86 टक्के सोडियम आणि क्लोराइडच असतं, पण उरलेल्या 14 टक्क्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट वगैरे सगळं असतं. कोरल आपला सांगाडा बांधतं ते त्यातल्या कॅल्शियममधून आणि पाण्यातल्या कार्बोनेटमधून. शिवाय पाणी उडून गेलं की फक्त पाणी जातं, मीठ मागेच राहतं. त्यामुळे रोजची पातळी भरून काढायची ती गोड्या, शुद्ध पाण्याने. नवखे लोक तिथेही खारं पाणी ओततात आणि आठवड्याभरात टँकचं लोणचं होतं.

शुद्ध म्हणजे किती शुद्ध? घरातल्या आरओचं पाणी बहुतेक वेळा पुरेसं नसतं, कारण प्यायच्या मशीनमध्ये चवीसाठी थोडे क्षार राहू देतात किंवा परत मिसळतात. रीफ टँकला टीडीएस शून्याच्या जवळ लागतो. टीडीएस मीटर स्वस्त मिळतो. आधी तो घ्या, मग मासा.

मो यांच्या जुन्या आवृत्तीत वाळूखालच्या फिल्टरवर भरपूर पानं आहेत. त्या काळी तेच चालायचं. आज तो भाग इतिहास म्हणून वाचा.

दुसरं पुस्तक, आणि मला विचाराल तर सगळ्यात गरजेचं, रॉबर्ट फेनर यांचं ‘द कॉन्शिअन्शस मरीन अ‍ॅक्वेरिस्ट’. 1998 मध्ये आलं, 2008 मध्ये सुधारून आलं. नावाचा अर्थ ‘सदसद्विवेक असलेला मत्स्यपालक’ असा काहीतरी होईल. मराठीत जरा जड वाटतं, पण पुस्तक मुळीच जड नाही. फेनर गप्पा मारत लिहितात. एकेका माशांच्या कुळाबद्दल ते सांगतात की यातले कुठले टँकमध्ये टिकतात, कुठले जेमतेम टिकतात आणि कुठले समुद्रातच राहू द्यावेत. हा तिसरा गट वाचण्यासाठी पुस्तक घ्यायचं. दुकानदार तुम्हाला हा गट सांगणार नाही. त्याचंही चुकतं असं नाही, त्याला मासा विकायचाय.

उदाहरण द्यायचं तर मँडरिन मासा. निळ्या-नारंगी नक्षीचा, पैठणीच्या पदरासारखा, बोटाएवढा. दुकानात बघितला की हात खिशाकडे जातो. तो दिवसभर दगडांवरून फिरत सुईच्या टोकाएवढे कोपेपॉड नावाचे जीव टिपत असतो. सुकं खाणं बहुतेक वेळा तो ओळखतच नाही. नव्या टँकमध्ये हे जीव मूठभर असतात, ते पंधरा दिवसांत संपतात, आणि मासा हळूहळू पोट आत जाऊन मरतो. पाणी टेस्ट करा, सगळं बरोबर येईल. रोग नाही, विष नाही, चक्क उपासमार. मोठा, वर्षभर मुरलेला, भरपूर दगड असलेला टँक असेल तरच त्याचा विचार करायचा.

किंवा डोरी, ती निळी टँग. दुकानात दोन इंचाची असते. समुद्रात ती 30 सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि दिवसभर पोहत राहते. 100 लिटरच्या टँकमध्ये तिला ठेवणं म्हणजे कुत्र्याला बाथरूममध्ये पाळण्यासारखं आहे. ‘फाइंडिंग निमो’मध्येच गिल नावाचा तो काळा-पिवळा-पांढरा मासा आहे बघा, मूरिश आयडल. तो तर अनुभवी लोकांकडेही टिकत नाही म्हणून कुप्रसिद्ध आहे. एकाच सिनेमात सोपा, मध्यम आणि जवळजवळ अशक्य असे तीनही मासे घेतलेत, आणि पोरं तिन्ही मागतात!

फेनर यांच्या सोबतीला स्कॉट मायकेल यांचं खिशात मावणारं पुस्तक ठेवा. ‘मरीन फिशेस’, पाचशेहून जास्त जातींचं. प्रत्येक माशाला फोटो, कमाल लांबी, किमान टँक, खाणं, रीफ टँकमध्ये कोरल खाईल की नाही, आणि एक ते पाच असा आकडा. एक म्हणजे विसरून जा, पाच म्हणजे चिवट. दुकानात उभं राहून पान उघडायचं, आकडा बघायचा, ठरवायचं. बस. पुस्तक नाही मिळालं तर फोनवर ‘फिशबेस’ उघडा. जगभरच्या माशांची ती मोफत माहितीसूची आहे, कमाल लांबी तरी तिथे नक्की मिळते. मात्र तो मासा टँकमध्ये टिकेल का, हे तिथे कुणी सांगत नाही.

आता कोरल. मराठीत प्रवाळ किंवा पोवळं. अंगठीतलं पोवळं डोळ्यांसमोर आलं असेल, तो त्याचाच एक लांबचा भाऊ. कोरल हा प्राणी आहे, वनस्पती नाही, पण अनेक रीफ कोरल्सच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात साखर बनवतं आणि कोरलला देतं. म्हणून रीफ टँकला एवढा तगडा लाइट. पाणी बरेच दिवस जास्त गरम राहिलं की कोरल हे शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. बातम्यांमध्ये ‘ब्लीचिंग’ ऐकता ते हेच.

या विषयावरचं थोरलं काम म्हणजे चार्ल्स डेलबीक आणि ज्युलियन स्प्रंग यांचे ‘द रीफ अ‍ॅक्वेरियम’चे तीन खंड. पहिला 1994 चा, कठीण कोरल आणि जायंट क्लॅम म्हणजे मोठ्या शिंपल्यांवर. दुसरा 1997 चा, मऊ कोरल आणि अ‍ॅनिमोनींवर. तिसरा 2005 चा, तंत्रावर. जाडजूड आहेत, महाग आहेत, आणि तिन्ही घ्यायची सुरुवातीला काहीच गरज नाही. एकच कोरल-पुस्तक घ्यायचं तर मी एरिक बोर्नमन यांचं ‘अ‍ॅक्वेरियम कोरल्स’, 2001 चं, घ्यायला सांगेन. त्यात प्रत्येक कोरल समुद्रात कुठे वाढतं, लाटांत की शांत पाण्यात, उजेडात की सावलीत, हे आधी येतं आणि टँकची गोष्ट नंतर. हा क्रम मला पटतो. ज्याला घर कसं होतं ते माहीत नाही, तो नवं घर काय बांधणार?

नॉर्वेच्या आल्फ नील्सन आणि स्वेन फोसो यांचीही खंडांमागून खंड अशी मालिका आहे. कुठे बघायला मिळाली तर फोटोंसाठी तरी उलटून बघा.

इथे एक छोटं विषयांतर, कारण मला ही गोष्ट फार आवडते. या सगळ्या पुस्तकांत ‘काल्कवासर’ नावाचा एक जर्मन शब्द येतो. 1970 च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी तो रूढ केला. पहिल्यांदा वाचताना वाटतं काहीतरी भारी केमिकल असेल. ती आहे चुन्याची निवळी! तीच, आजीच्या कपाटातली. विझलेला चुना शुद्ध पाण्यात मिसळायचा, खाली बसू द्यायचा, वरचं स्वच्छ पाणी थेंबथेंब टँकमध्ये सोडायचं. त्यातून कोरलला कॅल्शियम मिळतं आणि पाण्याची क्षारता टिकते. पण पानाच्या टपरीवरचा चुना टाकायला जाऊ नका. त्यात काय मिसळलंय कुणास ठाऊक, आणि ही निवळी एकदम ओतली तर पीएच असा उडतो की सकाळी टँक रिकामा. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आणि तेही थेंबाने, शक्यतो रात्री. टँकचा पीएच रात्री आपसूक खाली येतो, म्हणून ही वेळ.

आकडे लक्षात ठेवायचे तर हे ठेवा: समुद्रात क्षारता साधारण 7 डीकेएच, कॅल्शियम 410 पीपीएमच्या आसपास, मॅग्नेशियम 1300 च्या जवळपास. टँकमध्ये क्षारता थोडी जास्त ठेवणारे बरेच आहेत. पण नेमक्या आकड्याच्या मागे धावून रोज काहीतरी ओतत राहण्यापेक्षा आकडा स्थिर ठेवणं कोरलला जास्त मानवतं.

आता क्लाउनफिशवाल्यांसाठी. यांच्यासाठी दोन पुस्तकं आहेत. एक डॅफ्ने फॉटिन आणि जेराल्ड अ‍ॅलन यांचं, 1992 चं, क्लाउनफिश आणि त्यांच्या अ‍ॅनिमोनींचं फील्ड गाइड. हे शास्त्रज्ञांनी लिहिलंय, पण भाषा सोपी आहे. त्यात क्लाउनफिशच्या 28 जाती आहेत आणि त्यांना आसरा देणाऱ्या अ‍ॅनिमोनींच्या फक्त 10. कुठली जात कुठल्या अ‍ॅनिमोनीत राहते हे त्यातून कळतं. म्हणजे कुठलाही निमो कुठल्याही अ‍ॅनिमोनीत बसवता येत नाही. आणि मुळात टँकमधल्या क्लाउनफिशला अ‍ॅनिमोनी लागतच नाही. समुद्रात शत्रूंपासून वाचायला लागते, काचेच्या पेटीत शत्रू कुठे आहे? उलट अ‍ॅनिमोनी सांभाळणं माशापेक्षा कितीतरी अवघड. ती जागा बदलत फिरते आणि पंपात अडकून मेली तर सगळं पाणी घेऊन जाते. पहिल्या वर्षी नकोच.

त्याच पुस्तकात वाचाल की क्लाउनफिश जन्मतः नर असतात, गटातली सगळ्यात मोठी ती मादी, आणि ती गेली की तिच्या जोडीदाराचीच मादी होते. म्हणजे सिनेमात निमोची आई गेल्यावर खरं तर बाबांचं काय व्हायला हवं होतं, ते तुम्हीच ठरवा!

दुसरं जॉइस विल्करसन यांचं ‘क्लाउनफिशेस’, 1998 चं. घरच्या घरी पिल्लं वाढवायची असतील तर हे. पिल्लांना पहिले काही दिवस रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव खायला लागतात, रोटिफरना शैवाल लागतं, म्हणजे माशाआधी माशाच्या खाण्याच्या खाण्याची शेती करायची. हे वाचून उत्साह टिकला तर तुम्ही खरे. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, सीएमएफआरआयने, क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवलंय आणि त्यांचं बरंच साहित्य त्यांच्या ऑनलाइन संग्रहात मोफत वाचायला मिळतं. ते आपल्या हवामानात, आपल्या सामानातून केलेलं काम आहे, म्हणून अमेरिकी पुस्तकापेक्षा काही ठिकाणी जास्त उपयोगी पडतं.

आजारांवर एकच मुद्दा सांगते. माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले, तीन दिवसांत गेले, तुम्ही खूश. पण तो परजीवी गेलेला नसतो. तो माशावरून सुटून वाळूत, दगडावर जाऊन बसलेला असतो, तिथे फुटून शेकडोंनी परत येतो. दुसरी फेरी मारून टाकते. औषध आहे, तांब्याचं. पण तेच तांबं कोरल, कोळंबी, गोगलगायी सगळ्यांना मारतं. म्हणून रीफ टँकमध्ये औषध कधीच टाकायचं नाही, आजारी मासा वेगळ्या टँकमध्ये काढायचा, आणि नवा मासा आणला की आधी तिथेच काही आठवडे ठेवायचा. एडवर्ड नोगा यांचं ‘फिश डिसीज’ हे पशुवैद्यांचं पाठ्यपुस्तक आहे, घरी लागत नाही. पण तुमच्यापैकी कुणी व्हेटरनरीला असेल तर कॉलेजच्या ग्रंथालयात शोधा.

आता ज्यासाठी मला हा एपिसोड करायचा होता तो भाग. ही पुस्तकं ज्या देशांत लिहिली गेली तिथे फिजीहून आलेला ‘लाइव्ह रॉक’ दुकानात किलोवर मिळायचा. लाइव्ह रॉक म्हणजे मेलेल्या कोरलचा सच्छिद्र दगड, आतबाहेर जिवाणू आणि बारीक जीव असलेला. पुस्तकातली निम्मी रेसिपी त्यावर उभी आहे. आपल्याकडे हे पान जसंच्या तसं वापरायचं नाही. 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळी कठीण रीफ-कोरल्स, काळं कोरल, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि सी फॅन घातली गेली. सगळे समुद्री घोडे सुद्धा. ही वाघाची यादी आहे, मंडळी. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला किमान 3 वर्षं आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद आहे. आणि जिवंत काय, मेलेला तुकडाही त्यात येतो. मालवणला स्नॉर्कलिंग करताना पायाशी आलेला पांढरा तुकडा ‘आठवण’ म्हणून बॅगेत टाकणं हेही त्यातच.

त्यामुळे दुकानात कुणी “मॅडम, रामेश्वरमचा माल आहे, एकदम फ्रेश” म्हणून दगड किंवा कोरल दाखवलं तर मागे फिरा. परदेशी माल आहे म्हणाला तर आयातीचे कागद मागा. कठीण कोरल्सचा आंतरराष्ट्रीय व्यापार सायटीस कराराखाली येतो, म्हणजे परवान्याशिवाय ती देशाबाहेर निघतच नाहीत. कागद नसतील तर माल नको. मग दगडाचं काय? सिरॅमिकचे किंवा सिमेंटपासून केलेले कृत्रिम सच्छिद्र दगड मिळतात. त्यांच्यावर जिवाणू वस्ती करायला जरा जास्त वेळ लागतो, एवढाच फरक. सुरुवात पैदास केलेल्या क्लाउनफिशच्या जोडीने आणि अशा दगडांनी केली तरी टँक देखणा होतो.

पुस्तकांमुळे समुद्राचं नुकसान झाल्याचं उदाहरणही आहे. फिलिप हेन्री गॉस नावाच्या इंग्रज निसर्गअभ्यासकाने 1854 मध्ये ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक लिहिलं. आदल्याच वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय सुरू झालं होतं आणि त्यात गॉसचा हात होता. पुस्तक तुफान चाललं. लोक बादल्या, छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर उतरले आणि खडकांतल्या डबक्यांतून अ‍ॅनिमोनी खरवडून घरी नेऊ लागले. त्याचा मुलगा एडमंड, जो पुढे साहित्यिक झाला, त्याने 1907 च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलंय की लहानपणी पाहिलेले ते किनारे या हौसेपायी उजाड झाले, आणि त्याच्या वडिलांना याचं फार वाईट वाटलं. गॉसचं पुस्तक स्वामित्वहक्काच्या बाहेर आहे, नेटवर मोफत मिळतं. त्यातली रंगीत चित्रं बघाच.

पुस्तकांत कमी पडणाऱ्या आणखी दोन गोष्टी. एक, उष्णता. ही पुस्तकं थंड देशांतली, त्यामुळे हीटरवर पानंच्या पानं. आपल्याला उलटा त्रास. रीफ टँक 25-26 अंशांवर बरा असतो आणि मे महिन्यात आपली खोलीच 32-33 ला. पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने तापमान उतरतं, कूलरचंच तत्त्व. म्हणून नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पंख्याने बरंच काम होतं आणि मुंबईच्या दमट हवेत जवळजवळ काहीच होत नाही. मुंबई-कोकणवाल्यांनी चिलरचे पैसे पहिल्या दिवशीच बाजूला ठेवायचे, आणि त्याच्या विजेचेही. लोडशेडिंग असेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हवा. लाइट नसला तर कोरल दिवसभर तग धरतं, ऑक्सिजन नसला तर मासे काही तासच.

दोन, विष. झोअँथिड नावाची बटणांसारखी रंगीत कोरल्स बाजारात खूप दिसतात. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, अतिशय जहाल विष. ती लागलेला दगड उकळून किंवा ब्रशने घासून साफ करताना वाफ आणि तुषार श्वासात गेले की अख्खं कुटुंब दवाखान्यात पोचल्याच्या घटना परदेशांत घडल्यात. जुन्या पुस्तकांत याबद्दल फार तर एखादी ओळ आढळेल. तेव्हा हातमोजे, चष्मा, आणि टँकचा दगड गॅसवर उकळायचा नाही म्हणजे नाही. टँकमध्ये हात घालायच्या आधी बोटाला जखम आहे का तेही बघा.

शेवटी पैशांचं. यातली बरीच पुस्तकं आता नव्याने छापली जात नाहीत, त्यामुळे जुन्या प्रती शोधाव्या लागतात आणि किमती कशाही असतात. मो आणि फेनर दोन्ही एकट्याने घेणं जमत नसेल तर तिघाचौघांनी मिळून घ्या. जमलंच तर स्कॉट मायकेल. बोर्नमन कोरलचा विचार पक्का झाल्यावर. ऑस्ट्रेलियाच्या जे. ई. एन. व्हेरॉन यांचा 2000 सालचा ‘कोरल्स ऑफ द वर्ल्ड’ हा तीन खंडांचा ग्रंथ विकत घेणं आपल्या आवाक्यातलं नाही, पण त्याची वेबसाइट मोफत आहे, फोनवर छान चालते. इंग्रजीची धास्ती असेल तर फेनरपासून सुरू करा, त्यांची वाक्यं छोटी असतात. रोज पाच-सहा पानं. टँक सायकल व्हायला सहा आठवडे लागतातच, तेवढ्यात पुस्तक संपतं.

वाळू किती जाड घालायची, हा प्रश्न तिघांनी विचारलाय. त्यावर पुस्तकांतच भांडणं आहेत, म्हणून त्याला वेगळा एपिसोड देऊ. तोवर तुमच्या टँकचे टेस्टचे आकडे पाठवा. फोटो नकोत, आकडे!